टॅपेट बसेपर्यंत

"गप्प झालं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सळई इंजिनावरून उचलली.

गप्प कसलं झालं! टक टक टक टक, चमच्याने कपाची कड वाजवावी तसा आवाज बॉनेटखालून येत होता. मी स्टोअरच्या जाळीआड, दहा-बारा पावलांवर बसले होते, तरी मला तो स्वच्छ ऐकू येत होता. गाडीला खेटून उभ्या असलेल्या पानाला तर येतच होता. पाना म्हणजे मास्तरांचा जोडीदार फिटर. हातातला पाना जेवतानाही सुटत नाही, म्हणून नाव पाना. आणि ड्रायव्हरच्या सीटवर भोंगा होता. गाडी रुग्णवाहिका, ती चालवणारा तो, आणि त्याचा आवाज गाडीवरच्या भोंग्यापेक्षा मोठा. त्याचं खरं नाव हजेरीबुकाबाहेर कोणी वापरत नाही.

पानाने माझ्याकडे पाहिलं. मी भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने इंजिन बंद केलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

मास्तर हात पुसत माझ्या खिडकीशी आले. जॉब कार्डावर त्यांनी लिहिलं, 'सोळा टॅपेट नवीन. इंजिन शांत.' सही केली आणि कार्ड आत सरकवलं.

"शिक्का मारा, बाई. जाऊ दे गाडी."

मास्तरांची सही आणि माझा शिक्का असल्याशिवाय फाटकावरचा माणूस गाडी बाहेर सोडत नाही. बावीस वर्षांत मास्तरांच्या सहीनंतर शिक्का मारायला मी कधी क्षणभरही थांबले नव्हते. या वर्कशॉपात त्यांच्या कानावर शंका घेणं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून वर पुन्हा खात्री करून घेणं. आज मात्र शिक्का हातात घेतला आणि हात तिथेच राहिला.

टॅपेट म्हणजे काय हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनीच समजावलं होतं. मी तेव्हा पाना आणि पक्कड यांतला फरकही न कळणारी बाई. जुन्या इंजिनांत म्हणे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा कॅम आणि तो व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागे, आणि ती अधूनमधून हाताने जुळवावी लागे. हायड्रॉलिक टॅपेट ही छोटीशी पोलादी वाटी. तिच्यात इंजिनाचंच तेल भरतं आणि फट आपोआप भरून निघते, म्हणून आवाज नाही. तेलात कचरा आला किंवा वाटीत हवा अडकली की टकटक सुरू. ती चालवून घेतली तर कॅम झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, आणि गाडी एक दिवस नको तिथे उभी राहते.

"आणि नवीन बसवली की लगेच चावी फिरवायची नाही, बाई," मास्तर म्हणाले होते. "ती तेलाने फुगलेली असतात. अर्धा तास बसू द्यायची. जादा तेल निघून जातं. घाई केली तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, पिस्टन त्याच्यावर आदळतो, आणि मग इंजिनाचा चुरा गोळा करत बसा."

हा अर्धा तास मास्तर माझ्या जाळीला पाठ टेकून बाकावर बसत. तोंड गाडीकडे, कोणी आगाऊपणाने चावी फिरवू नये म्हणून. आणि मी आतून जाळीला टेकून बोलत असे. मी बडबडी आहे, हे मी कशाला लपवू? सुरुवातीला बोलायचे ते साहेबांच्या चुका, शेजारणीच्या खोड्या. पण सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी घर सोडून गेली आणि तेव्हापासून मी मास्तरांच्या पाठीशी फक्त तिच्याबद्दल बोलू लागले.

मी तिला याच कार्यालयात चिकटवण्यासाठी दोन साहेबांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. मुलाखतीच्या दिवशी ती म्हणाली, मला नाही बसायचं जाळीच्या आत. दुसऱ्या शहरात एका बेकरीत काम मिळवलं होतं तिने, मला न सांगता. मी दारात उभी राहून म्हणाले, गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिने बॅग उचलली. तिने माझं अक्षरशः ऐकलं.

ही दारातली गोष्ट मी बहिणीलाही सांगितलेली नाही. सगळ्यांना वाटतं मुलगी उर्मट निघाली. खरं फक्त मास्तरांना ठाऊक. ऐकताना ते मध्ये बोलत नसत, शहाणपणा शिकवत नसत, नुसती हळूहळू मान हलवत. मी घरी जाऊन यजमानांना ऐकवायचे, ऐकून घ्यावं तर मास्तरांनी. यजमान पेपरमधून डोकंही वर काढायचे नाहीत, म्हणजे माझा मुद्दा सिद्धच व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या मैत्रिणीने मला एक चिठ्ठी आणून दिली. त्यात मुलीचा नवीन नंबर होता. पुढे एकच ओळ, आईला हवा असेल तर. मी ती चिठ्ठी इथे आणली. त्या दिवशीही टॅपेटचंच काम होतं, मास्तर बाकावर होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "फोन करू का तिला, मास्तर?"

त्यांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, दोनदा. नको.

मी नाही केला. मास्तरांसारखा माणूस नको म्हणतो म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं मनाला बजावलं. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये शिक्क्याच्या डबीखाली ठेवली. शिक्का काढताना रोज तिची कड दिसते. आत्ताही दिसत होती.

मास्तर वळून आपली पेटी आवरायला लागले होते. त्यांची पाठ माझ्याकडे. इंजिन बंद, कॉम्प्रेसर बंद, शेडमध्ये चिटपाखरू बोलत नव्हतं.

"मास्तर, गाडी वाजतेय," मी म्हणाले.

त्यांनी एक पाना पुसून कप्प्यात ठेवला.

"मास्तर!"

दुसरा पाना पुसला.

तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की फाटकावरचा माणूस केबिनमधून डोकावला. मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि वर बोटाने धूळ पुसली.

माझ्या हातातला शिक्का टेबलावर पडला. पानाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. भोंगा सीटवरून खाली उतरला आणि आयुष्यात प्रथमच कुजबुजत म्हणाला, "ताई, यांना ऐकू येत नाही की काय?"

मला तीन वर्षांपूर्वी हललेली मास्तरांची मान दिसत होती. डावीकडे, उजवीकडे, दोनदा.

मी स्टोअरला कुलूप न लावता बाहेर आले. असं मी कधी करत नाही. मास्तरांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघू लागले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. इतकी वर्षं खिडकीशी आले की ते असेच बघायचे, आणि मला वाटायचं माणूस संकोची आहे, बायकांच्या नजरेला नजर देत नाही.

"गाडी वाजतेय, मास्तर. आम्हा तिघांनाही ऐकू येतंय."

त्यांनी पानाकडे पाहिलं. पानाने मान खाली घातली. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि ओठांवर थांबला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वर्कशॉपात बाकीचे सगळे सळई कानाला लावून इंजिन ऐकतात. मास्तर मात्र सळईची लाकडी मूठ दातांत धरायचे. डोळे मिटून. मुठीवर त्यांच्या दातांचे खळगे पडलेत. आम्हाला वाटायचं, ही मास्तरांची स्टाईल. पाना नव्या लोकांना सांगायचा, आमचे मास्तर इंजिन चावून बघतात, शिजलंय की कच्चं आहे ते. मास्तरही हसायचे. गेले आठ दिवस ते रजेवर होते. वरचे सगळे दात काढले, खालचेही पुढचे काढले, आणि आज कवळी लावून पहिल्यांदा कामावर आले होते. सकाळीच मी त्यांना म्हटलं होतं, मास्तर, वीस वर्षांनी तरुण दिसताय.

"कानाने कधीपासून येत नाही?" मी विचारलं.

ते पेटीवर बसले. "अकरा वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजवा. जवळून कोणी ओरडलं तर थोडं कळतं. याचं कळतं." त्यांनी भोंग्याकडे बोट दाखवलं. "दाताने सगळं यायचं, बाई, हाडातून आत. कानापेक्षा चांगलं यायचं. कुठलं टॅपेट, आतलं की बाहेरचं, सगळं."

"आणि आज?"

"आज कवळी मुठीवरून घसरली. काहीच आलं नाही." त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं, गप्प झालं असेल. नाही, खोटं कशाला बोलू. मी वाटून घेतलं."

पाना पुढे आला. "मास्तर, एवढी वर्षं मी तुमच्या शेजारी उभा आहे. मला सांगायचं नाही?"

"काय सांगणार? कान गेलेला माणूस इंजिनावर ठेवतात का? गाड्या धुवायला बसवलं असतं."

एवढा दांडगा पाना बाजूला जाऊन उगाच टायरची हवा बघू लागला. मला रडू येत नव्हतं. राग येत होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. या माणसाचा, की अकरा वर्षं त्याच्या पाठीशी बोलत बसलेल्या माझाच?

भोंगा म्हणाला, "मला तीनपर्यंत गाडी पाहिजे. तोवर दुसरी गाडी भागवतेय. नंतर नाही भागणार." त्याने हे नेहमीच्या आवाजात सांगितलं आणि मास्तरांना बरोबर कळलं. ते उठले.

"चालू कर."

टक टक टक टक. मास्तरांनी सळईचं टोक इंजिनावर टेकलं आणि मूठ तोंडाशी नेली. मग थांबले. आमच्या देखत कवळी काढून ठेवणं त्यांच्या जिवावर आलं असावं. काढूनही चावायला होतं काय? त्यांनी मूठ कपाळावर दाबून पाहिली. डोळे मिटले. मान हलवली, नाही. गालाच्या हाडावर दाबली. नाही. मग कानाच्या मागे, जिथे हाड टणक लागतं तिथे, मूठ इतकी जोरात दाबली की पलीकडून मान ताठ करावी लागली.

आम्ही श्वास रोखून उभे होतो. त्यांनी टोक एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर नेलं. मग तिसऱ्यावर. तिथून मागे आले, पुन्हा पुढे गेले. त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली.

"तिसरा," ते डोळे न उघडता म्हणाले. "बाहेरच्या बाजूचं, मागचं. बंद कर."

पानाने कॅम उतरवला. उरलेली पंधरा टॅपेट तेलात न्हालेली, चकचकीत, बोटाने दाबली तर टणक. तिसऱ्याचं मागचं मात्र दाबल्यावर स्पंजासारखं आत गेलं. मास्तरांनी ते खोलून आतला बारीक दट्ट्या काढला, नखाने काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवलं. कापसाचा धागा. हात पुसायच्या फडक्याचा, पापणीएवढा. त्याने तेलाचं भोक धरून ठेवलं होतं.

"माझ्याच फडक्याचा," मास्तर म्हणाले. "भरताना बघायला हवं होतं. घाई केली. दातांमुळे रजा पडली, कामं साचली, म्हणून घाई केली."

मी आतून नवीन टॅपेट काढून दिलं. ते त्यांनी तेलाच्या डब्यात बुडवून, दाबून दाबून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. पानाने सगळं जागेवर बसवलं. दीड वाजला होता. मास्तरांनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि सवयीने बाकाकडे आले.

आता पुन्हा अर्धा तास.

बाकावर बसण्याआधी त्यांनी खिडकीतून जॉब कार्ड परत मागितलं. 'इंजिन शांत' खोडलं नाही. त्याच्या खाली सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पहिली तपासणी माझ्याकडून चुकली. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यापुढे तपासणीला दुसरा माणूस सोबत असावा.' खाली सही, तारीख.

"मास्तर, हे कार्ड वर जातं," पाना म्हणाला. मग आठवण होऊन त्यांच्या समोर आला आणि पुन्हा म्हणाला. "वर साहेबाकडे जातं हे. कशाला लिहिता? इथे कोणी काही ऐकलेलं नाही."

"मी काहीच ऐकलेलं नाही," भोंगा म्हणाला. शेडच्या पत्र्यापर्यंत आवाज गेला.

मास्तर हसले. कवळीमुळे हसू जरा वेगळं दिसलं. "तू ऐकलं नाहीस म्हणून काय झालं? त्या गाडीत उद्या कोणाची तरी आई झोपणार आहे."

मी कार्ड घेतलं. चार महिन्यांनी मास्तरांची निवृत्ती होती. चार महिने फक्त. मी शिक्का मारला तर हे चार महिने ते नळी धरून गाड्या धुणार, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी डबी उघडली, शिक्का शाईवर दाबला आणि मारला. शिक्का वाकडा उमटला.

पाना आणि भोंगा चहा आणायला गेले. मास्तर बाकावर बसले, पाठ जाळीला टेकून, तोंड गाडीकडे. मी आत माझ्या जागेवर. नेहमीसारखं. फक्त मी गप्प होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, पाठमोरे, "आज बोलत नाही का, बाई?"

मला धक्का बसला. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं आणि जीभ चावली. त्यांना हे कुठून ऐकू येणार! मग त्यांनीच सांगितलं.

"तुम्ही जाळीला टेकून बोलता ना, जाळी थरथरते. पाठीला कळतं. बाई बोलतायत एवढं कळायचं. कधी थरथर वाढली, मध्येच थांबली, की वाटायचं काहीतरी मनाला लागलेलं असणार. मग मी मान हलवायचो. वळून बघायला हवं होतं. पण वळलो असतो तर तोंडाकडे बघत बसलो असतो, आणि तुम्हाला समजलं असतं. रागावू नका."

मी ड्रॉवर उघडला. चिठ्ठी काढली. तीन वर्षांत शाईच्या डबीचा गोल डाग तिच्यावर पडला होता, पण आकडे वाचता येत होते. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. ते वळले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.

"तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक विचारलं होतं," मी एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "याच बाकावर. तुम्ही नको म्हणालात. मान हलवली, अशी."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. "अशी मान मी पानाला हलवतो," ते म्हणाले. "अर्धा तास व्हायच्या आत चावीला हात घालतो तो. दर वेळी घालतो."

पानाला! पानाच्या आगाऊपणाला केलेला तो नको मी घरी नेला होता. दीडशहाणी मी! तीन वर्षं तो उशाशी घेऊन झोपले होते. तीन वर्षं ती तिकडे फोनकडे बघत असेल.

तरी मी पुन्हा विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. "मग आता सांगा. फोन करू का तिला?"

मास्तरांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

मी जाळी धरून उभी राहिले. सहा वर्षांचं सगळं बोलणं, दारातलं, बेकरीतलं, रात्र रात्र जागून ठरवलेलं आणि इथे येऊन ओतलेलं, त्यातलं एक अक्षरही या जगात कोणापाशी पोचलं नव्हतं.

मास्तरांनी माझा चेहरा पाहिला. काय झालंय हे त्यांना कळलं नाही, पण काहीतरी मोठं झालंय हे कळलं. ते उठले, गाडीपाशी गेले आणि सळई घेऊन आले. तिचं टोक फडक्याने पुसलं, मग फडक्यात धागे आहेत हे आठवून पुन्हा शर्टाच्या बाहीने पुसलं. टोक माझ्या खिडकीच्या लाकडी फळीवर टेकवलं. दातांच्या खळग्यांची ती मूठ कानामागच्या हाडावर दाबली. दुसऱ्या हाताने खूण केली, की हनुवटी फळीवर टेकवा.

मी वाकून हनुवटी टेकवली. फळीला तेलाचा आणि शाईचा वास होता.

"पहिल्यापासून सांगा," मास्तर म्हणाले. "अजून वीस मिनिटं आहेत."

मी नुसतं तिचं नाव घेतलं.

मास्तरांनी डोळे मिटले. मग माझ्या मुलीचं नाव त्यांनी हळूच, जसंच्या तसं उच्चारलं, आणि विचारलं, "बरोबर ऐकलं ना?"